चौथा शनिवार

माझे वडील सेक्रेटरिएटात कारकून होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. घरातला कुठलाही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आमच्याकडे खरा होत नसे. धोब्याच्या कपड्यांची यादीसुद्धा ते डावीकडे समास सोडून लिहीत. त्यामुळे आठवी संपल्यावर हायस्कुलाचे विषय निवडायचा कागद शाळेतून आला, तेव्हा तो भरायला त्यांनी रविवार राखून ठेवला. आईने गोळाभात केला होता. जेवण झाल्यावर दादांनी हात धुतले, पाट पुसला, त्यावर कागद ठेवला आणि टाक दौतीत बुडवण्याआधी तो दोनदा वाचला. इंग्रजी, मराठी, इतिहास-भूगोल हे सगळ्यांनाच होते. त्याखाली मुलींसाठी दोन वाटा होत्या. एक गृहशास्त्राची, म्हणजे शिवण, स्वयंपाक, बाळाची निगा. आणि दुसरी गणित आणि विज्ञानाची. आमच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याजणी पहिल्या वाटेने जाणार होत्या. मी दुसरी म्हणाले आणि आईने पान पुसता पुसता मान वर केली.

"काहून? गृहशास्त्रात काय वाईट आहे?" तिने विचारले. "तुझ्या पोळीचा नकाशा होतो दरवेळी. ते शीक आधी."

वाईट काही नव्हते. मला डॉक्टरीण व्हायचे होते. माझा धाकटा भाऊ बाळू झाला तेव्हा आई दोन दिवस अडली होती, आणि बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई टांग्यातून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला आणि घरातल्या सगळ्या पुरुषांना अंगणात काढले. दादांना कोणी "तुम्ही बाहेर व्हा" म्हटलेले मी आयुष्यात तेवढेच एकदा ऐकले. पहाटे त्या निघाल्या, तेव्हा आई जिवंत होती आणि बाळू रडत होता. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. त्या हात धुण्याची मी कित्येक दिवस विहिरीवर नक्कल करत होते. पुढे कळले, की नागपुरातल्या डॉक्टरीच्या शाळेत मॅट्रिक झालेल्या मुलीला घेतात, पण तिचे विज्ञान झालेले असले पाहिजे. दादांनी ते नियम ऑफिसातल्या कुणाकडून तरी मागवून स्वतः वाचले. नियमात बसते म्हटल्यावर त्यांच्या मनात शंका उरत नसे. त्यांनी दुसऱ्या वाटेवर बारीक, सुरेख खूण केली, वर टीपकागद दाबला, आणि आई उष्टे काढायला उठली.

तेव्हाची धरमपेठ म्हणजे गावाबाहेर. आज तिथे रस्ता ओलांडायला कुणाचा हात धरावा लागतो. तेव्हा आमच्या भाड्याच्या घरापुढे बाभळी होत्या, आणि दूर गिरणीचा भोंगा झाला की त्यावर आई डाळ चुलीवर ठेवायची. घर तीन खोल्यांचे, आणि मागे विहिरीकडे उघडणारी एक पडवी. महिन्यातले चार दिवस ती पडवी माझी असायची. तिथे एक घोंगडी, एक पितळी ताट, एक तांब्या, एवढाच संसार. आई दुरूनच वाढायची, भाजी वरून सोडायची. पुस्तकाला शिवायचे नाही, कारण पुस्तक म्हणजे सरस्वती. आणि शाळेत जायचे नाही, कारण रस्त्यात आणि वर्गात कोणाकोणाला शिवाल त्याचा भरवसा काय? यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आई स्वतःही तशीच बसे, आणि मला वाटते घरात तिला पाय पसरून बसायला मिळायचे ते तेवढेच चार दिवस. घरोघरी मातीच्या चुली, तशा घरोघरी या पडव्या होत्या.

आमच्या मुलींच्या शाळेला हे ठाऊक होते. वर्गातली एखादी उठून "तिचं डोकं दुखतं" असं म्हणाली, की बाई वर न बघता हजेरी मांडून टाकत. सगळ्या बायकाच होत्या तिथे. त्यांच्याही घरी पडव्या होत्या. गृहशास्त्राच्या बाई तर हुकलेला स्वयंपाक पुढच्या आठवड्यात करून घेत आणि तारीख मागची घालत. पण विज्ञानाची प्रयोगशाळा आमच्या शाळेत नव्हती. विज्ञान घेतलेल्या आम्हा चौघींना शनिवारी दुपारी मुलांच्या हायस्कुलात जावे लागे. मुले घरी गेलेली असत. शाळेची पडदा लावलेली दमणी आम्हाला घेऊन जायची, आणि मुलांची शाळा गावाच्या आमच्या बाजूला असल्यामुळे मी जेवून घरीच थांबायची. बैलांच्या घुंगरांचा आवाज बाभळींपाशी आला की मी वही छातीशी धरून फाटकात उभी. दमणीतून पहिले डोके बाहेर यायचे ते दुर्गाचे. ती इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी. तिच्याकडे आमच्याइतके सोवळे नव्हते. चूल आणि देव सोडले तर तिला कुठेही मोकळीक होती.

तिथले कानडे सर पोक्त, कोरडे, सरळ गृहस्थ होते. आमच्याकडे न बघता ते आमच्या मागच्या भिंतीला शिकवत. त्यांचा नियम पहिल्याच दिवशी सांगून झाला होता: मॅट्रिकच्या वर्षात होतील त्या प्रयोगांपैकी चारातले तीन वहीत सहीनिशी पाहिजेत. नाहीतर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही. हुकलेला प्रयोग पुन्हा घ्यायचा तर पालकांनी आठवड्याच्या आत कारण लिहून द्यायचे. मी मनातल्या मनात हिशेब केला. माझे दिवस घड्याळासारखे चोख होते. बरोब्बर चार आठवड्यांनी, शुक्रवारी. म्हणजे दर चौथा शनिवार पडवीत जाणार होता, आणि चारातले तीन जेमतेम भरणार होते. एकही जास्तीचा हुकून चालणार नव्हता. मुलांना असल्या गणिताची गरज पडत नसावी.

मॅट्रिकच्या वर्षी दिवाळीनंतर मला हिवताप आला, दोन शनिवार गेले, आणि मी उठून बसेपर्यंत कारण लिहून द्यायची मुदतही टळून गेली. आता एकच उपाय होता: उरलेल्या चौथ्या शनिवारांपैकी दोन मला भरून काढायला हवे होते. हे मी दुर्गाशिवाय कोणाला सांगितले नाही.

"त्यात काय आहे वं," दुर्गा म्हणाली. "माय-बापाले सांगूच नको ना. मी नाही का येऊन राहिली? माह्या हातानं कोणती काचेची नळी फुटली?"

"तुझं वेगळं आहे," मी म्हटले.

"काहून वेगळं? रगत वेगळं आहे का तुह्यं?"

माघातला तो शुक्रवार आला तेव्हा मी गप्प राहिले. रात्रभर झोप नाही. सकाळी देवांपाशी फुले मीच ठेवली; हिवतापानंतर दिवस पुढे गेले असतील असे आईला वाटले असावे. दुपारी दमणीत बसले. त्या दिवशी सरांनी आम्हाला हळदीत बुडवून वाळवलेले कागदाचे तुकडे दिले आणि टेबलावर चार वाट्या ठेवल्या. लिंबाच्या रसात कागद पिवळाच राहिला. चुन्याच्या निवळीत लाल झाला, धुण्याच्या सोड्यात लाल झाला. चौथ्या वाटीत पापडखाराचे पाणी होते. "हा तुमच्या घरातलाच पदार्थ," सर भिंतीला म्हणाले, आणि त्यांच्या परीने तो विनोद होता. तोही कागद लालभडक झाला. मी सगळे नीट लिहिले, सरांनी सही केली. परत येताना दुर्गाने माझ्या हाताला चिमटा काढला. मी इतकी हलकी झाले होते, की फाटकापासून घरापर्यंत पळत गेले.

ओसरीवर पापड चालले होते. आईने सकाळीच मुगाचे पीठ कुटून ठेवले होते आणि शेजारच्या बायका लाटायला आल्या होत्या. त्यात पलीकडच्या घरची नवी सून काशीही होती, माझ्याहून वर्षभराने मोठी असेल. मागच्या खेपेचे पापड फुलले नव्हते, म्हणून आईने या वेळी नव्या पुडीतला खार सढळ हाताने घातला होता. ते मी सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. "आली का? बस, लाटणं घे," आई म्हणाली. नाही म्हणायला कारण काय सांगणार? मी हात धुतले, कोपरापर्यंत, आणि बसले. तीसेक पापड लाटले असतील. त्या दिवशी माझे पापड गोल आले आणि आईने ते सगळ्यांना दाखवले.

मंगळवारी संध्याकाळी तिने नमुना म्हणून दोन पापड तळले. ते कढईत लाल झाले. तिने आणखी दोन टाकले, तेही लाल. आईने कढई खाली उतरवली. बाजूला बसलेल्या बाईची सावली पडली की पापड लाल होतात, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. तिने एक पापड मोडून पाहिला. मग म्हणाली, "काशीच असेल. सासूला सांगायला घाबरली असेल पोर. पण हे सांगायलाच पाहिजे, त्यांच्या घरात देव आहेत." आणि ती पदर सावरून कुंपणाकडे निघाली. काशीची सासू काय चीज होती ते आम्ही रोज भिंतीपलीकडून ऐकत होतो. मी आईच्या मागे धावले आणि तिला शिवणार इतक्यात थांबले.

"आई, मी होते," मी म्हटले. "शुक्रवारपासून."

खाराचे मी बोललेच नाही. आज पंच्याहत्तरी उलटल्यावर मला स्वतःचा राग येतो तो याचा. तीनच दिवसांपूर्वी मी त्या वाटीत हळदीचा कागद लाल होताना पाहिला होता, खार किती घातला तेही पाहिले होते. खार जास्त झाला की पापड लाल पडतात हे नंतर मला माझ्या सासूने, अंगठा उठवणाऱ्या बाईने, एका वाक्यात सांगितले. पण त्या क्षणी विज्ञान घेतलेल्या मला मनापासून वाटले, की ते माझ्यामुळेच झाले.

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. तिने पापडांची अख्खी चवड गाईच्या गोठ्यामागे पुरली, घरातले सगळे पाणी ओतले, देव पुन्हा धुतले, आणि तीन दिवस अन्न घेतले नाही. तिसऱ्या दिवशी बाळूला समोर बसवून तिने मला बोलावले. "तू डॉक्टरीण हो नाहीतर कलेक्टरीण हो," ती म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "पण ज्या घरात मी जेवण रांधते, त्या घरात मला फसवून राहू नको. याच्या डोक्यावर हात ठेव." बाळू सात वर्षांचा, त्याला गंमत वाटत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दादा बैठकीत होते. त्यांनी सगळे ऐकले असणार, पण ही त्यांच्या खात्यातली बाब नव्हती.

फाल्गुनातला चौथा शनिवार हा वर्षातला शेवटचा प्रयोग होता. मी पडवीत घोंगडीवर बसले होते. बाभळींपाशी घुंगरू वाजले, फाटकाशी थांबले, बैलाने मान झटकली तेवढे वाजले. "वच्छे, चाल ना वं, उशीर होऊन राहिला," दुर्गाने हाक मारली. तिला सगळे ठाऊक होते, तरी तिने हाक मारली. मी ओ दिली नाही. आई पुढे गेली आणि म्हणाली, "तिचं डोकं दुखतं." दुर्गा दुसऱ्यांदा हाक मारील असे वाटले होते, पण गाडीवान घाईत होता. घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग नुसती धूळ दिसली असेल. मला पडवीतून तीही दिसली नाही. आईने त्या दिवशी ताटात गूळ-तूप जास्त वाढले, दुरूनच.

त्याच आठवड्यात फॉर्म अडकलेल्यांची यादी लागली, तीत माझे एकटीचे नाव होते. एक प्रयोग कमी. दादांनी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली, काळा कोट घातला आणि मला घेऊन मुलांच्या शाळेत गेले. कानडे सरांनी त्यांना खुर्ची दिली. मी टेबलाशी उभी होते, तिथे काचेच्या पेटीत तराजू होता. दादांनी घडी घातलेले पत्र पुढे केले. सरांनी ते वाचले, आणि खरे सांगते, त्यांचा चेहरा मऊ झाला.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "मी उद्याच तिचा प्रयोग घेतो. फक्त इथे कारण नीट लिहा. तुम्ही 'घरगुती कारणामुळे' लिहिलंय. घरगुती म्हणजे काय? वरचे लोक मला विचारतील."

दादांनी पत्रातली ती ओळ पुन्हा वाचली.

"आजारी होती का? तसं लिहा. एक ओळ पुरे."

"आजारी नव्हती," दादा म्हणाले.

"मग गावाला गेली होती?"

"नाही."

"मग, साहेब?"

दादांच्या ऑफिसात आजाराची खोटी चिठ्ठी दिली म्हणून एका कारकुनाची नोकरी गेली होती, आणि ती चिठ्ठी पकडली होती दादांनीच. खोटे त्यांच्या टाकातून उतरणार नव्हते. आणि खरे त्यांच्या तोंडून, परक्या पुरुषापुढे, मुलीसमक्ष, या जन्मी निघणार नव्हते. कपाळावर घाम आला तरी ते कोटाच्या गुंड्या लावूनच बसून राहिले. सर माझ्याकडे वळले. पूर्ण वर्षात त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "तू सांग बरं," ते म्हणाले. शब्द माझ्या जिभेवर होता. खाली बघत "डोकं दुखत होतं" एवढे म्हटले असते तरी त्यांनी लिहून घेतले असते. पण बाळूच्या डोक्यावरचा हात मला आठवला, आणि शेजारी दादा बसले होते, आणि मी त्या काचेतल्या तराजूकडे बघत उभी राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फरक एवढाच, की तोंडही आमचे आम्हीच दाबले होते. मग सरांनी पत्र घडी घालून परत दिले.

घर जवळ आल्यावर दादा म्हणाले, "पुढच्या वर्षी बसता येईल." त्यांच्या आवाजावरूनच मला कळले, की पुढचे वर्ष नाही.

दादांवर मी कित्येक वर्षे रागावून होते. मग माझी मुलगी नववीत गेली. सासर मोठे, सोवळे मोठे, आणि चार दिवस तिलाही बाजूला बसवले जाई. बसवणारी मीच. तिच्या वहीत कारणाची जागा आली तेव्हा मी दादांच्याच वळणाच्या अक्षरात लिहिले: डोके दुखत असल्यामुळे. लेखणी कुठे अडली नाही. तिने ते वाचले आणि म्हणाली, "आई, माझं डोकं कुठं दुखत होतं?" मी तिला म्हटले, जा, उशीर होतो. तेव्हापासून दादांवर रागवायचा हक्क मी सोडून दिला.

मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली त्या दिवशी मी अगदी मोकळी होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्या आठवड्यात मला काहीही वर्ज्य नव्हते, देव, चूल, पुस्तक, काही नाही. दमणी आमच्या रस्त्याने गेली आणि थांबली नाही. दुर्गा तिसऱ्या श्रेणीत पास झाली, महिन्याभरात तिचे लग्न झाले, आणि सर्टिफिकेट सासरी तिच्या ट्रंकेत साड्यांखाली गेले. विज्ञानाचा पेपर होता त्या संध्याकाळी मला बघायला वर्ध्याहून माणसे आली. मी पोह्यांचे ताट घेऊन बाहेर गेले, नमस्कार केला, बसले. मुलाच्या आईने माझे हात पाहिले.

"शिकली किती?" तिने विचारले.

"मॅट्रिकपर्यंत," दादा म्हणाले.

"गृहशास्त्र घेतलं असेल. ते बरं असते मुलींना."

मी दादांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

मग आईने आतून हाक मारली, तळणाचे तेल तापले होते. मी उठले. नव्या पिठाचे पापड होते, खार बेताचा घातलेला. एकेक टाकला तसा पांढराशुभ्र फुलून वर आला. आईने ते ताटात रचले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बघ, किती छान झाले." मी ताट उचलून बाहेर नेले.